घरातलं हसू कुणाकडून कुणाकडे वाहतं?



गेल्या वर्षी वैशाखात आमच्याकडे पुतणीचा साखरपुडा होता. घरात पंचवीस-तीस माणसं. सूर्यास्ताच्या आत पंगती उठायला हव्यात म्हणून स्वयंपाकघरात घाई चालली होती. सूनबाई भाकऱ्या थापत होती. ती पुण्यात वाढलेली, बँकेत नोकरी करणारी. ज्वारीच्या पिठाशी तिची ओळख लग्नानंतरचीच. तव्यावरची एक भाकरी कडेने फाटली आणि वेडीवाकडी झाली. मी ती उलथन्यावर उचलून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "बघा गं, आमच्या सूनबाईंनी महाराष्ट्राचा नकाशा काढलाय. बेळगावसुद्धा आत घेतलंय!"

काय हशा पिकला! आम्ही सीमाभागातली माणसं, त्यामुळे बेळगाव म्हटल्यावर तर बाहेर ओसरीवरचे पुरुषही हसले. जाऊबाईंना ठसका लागला. सूनबाईही हसली. मला वाटलं, झालं, पोरगी आपल्यात मिसळली.

त्या दिवसानंतर तिने भाकरी केली नाही. "आई, भाजी मी चिरते, भाकरी तुम्हीच करा," असं रोज अगदी गोड आवाजात म्हणायची. हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. लक्षात आलं तेव्हा मनात पहिला प्रश्न आला, तोही स्वतःची बाजू घेणारा: "पण ती हसली होती ना?"

हा प्रश्न काही केल्या सुटेना. चातुर्मासात दुपारचा थोडा वेळ मिळतो. माळ्यावर माझी एम.ए.ची समाजशास्त्राची पुस्तकं होती, ती उतरवली. काही नवीन मागवून वाचली. हसण्याचाही अभ्यास होतो आणि माणसांनी तो पिढ्यान्‌पिढ्या केलाय, हे परीक्षेपुरतं ठाऊक होतं. आता त्यात आपल्या स्वयंपाकघराचं उत्तर सापडतंय का, ते शोधायचं होतं. जे सापडलं ते तुमच्यासमोर ठेवते.

सुरुवात घरापासून करू. पाठशाळेत आपण कषाय पाठ केले तेव्हा चार कषायांचे सोळा भेद झाल्यावर नऊ नोकषाय म्हणायचो: हास्य, रति, अरति, शोक, भय, जुगुप्सा आणि तीन वेद. लहानपणी मला नवल वाटायचं की शोक आणि भय ठीक, पण बिचारं हास्य या यादीत कशाला? पुढे तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात पाहिलं तर सत्यव्रताच्या पाच भावनांत क्रोध, लोभ आणि भय यांच्या त्यागाबरोबर हास्याचाही त्याग सांगितलाय. आपण खोटं का बोलतो? रागाने, लोभाने, भीतीने आणि चौथं, गंमत म्हणून. त्याच अध्यायात अनर्थदंडव्रताचे अतिचार आहेत. त्यातलं कंदर्प म्हणजे हसत हसत असभ्य बोलणं, आणि त्याला अंगविक्षेपाची, नकलेची जोड दिली की कौत्कुच्य. म्हणजे आपल्या आचार्यांनी हसण्याचे प्रकार पाडले होते, त्यातून काय बिघडतं तेही पाहिलं होतं. श्वेतांबर परंपरेतल्या स्थानांग सूत्रात तर हसू उत्पन्न होण्याची चार कारणं दिली आहेत: पाहून, बोलून, ऐकून आणि आठवून. आठवून येणारं हसूसुद्धा त्यांनी सोडलं नाही!

पण या सगळ्यात नजर हसणाऱ्या जीवावर आहे, त्याच्या आत काय होतं यावर. मला हवं होतं ते दोन जीवांच्या मधलं. एक हसवतो, दुसरा हसतो, तिसऱ्यावर हसलं जातं. त्या तिघांचं नातं काय?

युरोपातही आधी विचार झाला तो हसणाऱ्याच्या मनाचाच. इंग्लंडच्या थॉमस हॉब्जने १६५१ साली आपल्या राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात लिहिलं की दुसऱ्याचं काही उणं दिसलं आणि त्याच्या तुलनेत आपण अचानक मोठे वाटलो, की त्या आनंदाचं हसू होतं. आणि ज्यांना स्वतःच्या अंगी फारसं काही नाही हे जाणवतं, तेच असे जास्त हसतात, असा टोलाही त्याने मारलाय. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. माझ्या गोल भाकरीचा अभिमान त्या दिवशी किती फुगला होता, ते मलाच माहीत.

हसण्याला चारचौघांत आणून बसवलं ते फ्रान्सच्या हेन्री बर्गसाँने. १९०० साली त्याचं हास्यावरचं छोटं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं, हसू एकट्याचं नसतं, त्याला साथ लागते. आणि समाज हसतो तो शिस्त लावण्यासाठी. जो ताठर झाला, यंत्रासारखा वागू लागला, चारचौघांच्या चालीत बसेना, त्याला समाज हसून ताळ्यावर आणतो. म्हणजे ती एक प्रकारची शिक्षाच. आणखी एक गोष्ट तो सांगतो, ती आपण अहिंसा मानणाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे: हसायचं तर तेवढ्यापुरतं मन बधिर करावं लागतं. ज्याची दया येते त्याला त्याच क्षणी हसता येत नाही.

मग वेगवेगळ्या समाजांत राहून तिथल्या चालीरीती टिपणारे मानवशास्त्रज्ञ आले आणि गोष्ट थेट सासर-माहेरावर येऊन ठेपली. फ्रान्सच्या मार्सेल मॉसने १९२०च्या दशकात थट्टेच्या नात्यांवर लिहिलं. पुढे १९४० साली रॅडक्लिफ-ब्राऊन या इंग्रज अभ्यासकाने त्यावर एक लेख लिहिला, तो फार गाजला. हा माणूस तरुणपणी आपल्या अंदमानात राहून गेलेला. आफ्रिकेतल्या आणि इतर अनेक समाजांत त्याला असं दिसलं की काही नात्यांत थट्टा करायला नुसती परवानगी नसते, ती करावीच लागते, आणि समोरच्याने राग मानायचा नसतो. असं का? लग्नाने दोन घराणी जोडली जातात, पण त्यांचे हितसंबंध वेगळेच राहतात. कुठेही ठिणगी पडू शकते. ती टाळायचे दोन मार्ग. एक म्हणजे अतोनात मान द्यायचा, समोर यायचं नाही, नजर वर करायची नाही. सासू आणि जावई यांच्यात अनेक समाजांत असं असतं. दुसरा मार्ग म्हणजे मुद्दाम, ठरवून चेष्टा करायची, म्हणजे खरं भांडण व्हायला जागाच उरत नाही. बायकोची धाकटी भावंडं आणि जावई यांच्यात हे चालतं.

यात आपल्याला नवं काय, म्हणाल. कानपिळीला नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, मेहुण्या जोडे लपवतात, विहिणींना गाण्यांतून टोमणे मारतात. याउलट सासऱ्यांसमोर आणि थोरल्या दिरांसमोर आपल्या आज्यांचा पदर कधी ढळला नाही, आणि धाकट्या दिराची मात्र त्या मनसोक्त फिरकी घ्यायच्या. आपण हे सगळं करत आलो, त्याने फक्त त्यामागचं कारण शोधलं.

पण त्याच लेखात त्याने एक फरक केलाय, तो मी दोनदा वाचला. काही थट्टा दोन्हीकडून चालते. मी तुला बोलले, तू मला बोल. आणि काही थट्टा एकाच बाजूने चालते. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने हसून घ्यायचं, उलट उत्तर द्यायचं नाही.

दोन्हीकडच्या थट्टेचं सुरेख उदाहरण पश्चिम आफ्रिकेत आजही पाहायला मिळतं. माली देशात काही आडनावांची माणसं एकमेकांची ठरलेली थट्टेकरी असतात. पूर्वी कधी भेटलेली नसली तरी आडनाव कळताच "तू शेंगदाणेवाला नाहीस, पावटेवालाच दिसतोस" अशा धर्तीवर सुरू होतात. तिथे घेवड्या-पावट्याच्या जातीचं कडधान्य खाणारा, हा चिडवण्याचा नेहमीचा शब्द. आणि समोरचा लगेच परत करतो. शेजारच्या नायजर देशातल्या या प्रथेला युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. आपल्याला कुणी पावटे खाणारी म्हणालं तर आपण "हो, आणि मूगही!" म्हणू. गंमत शब्दांत नाहीच, ती आहे परत बोलण्याच्या हक्कात.

आता जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. रोझ लॉब कोझर. १९१६ साली बर्लिनमध्ये जन्मली, बालपण बेल्जियममध्ये गेलं, १९३९ साली घरच्यांबरोबर अमेरिकेला गेली आणि पुढे समाजशास्त्रज्ञ झाली. तिने एक साधी गोष्ट केली. मनोरुग्णांच्या इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांच्या बैठकांना ती हजर राहिली आणि कोण विनोद करतं, कोणावर करतं, कोण हसतं, हे टिपत गेली. आपण वाणसामानाचा हिशोब ठेवतो तसा हशांचा हिशोब! तिचा निबंध १९६० साली आला.

हिशोब असा निघाला. वरिष्ठ मानसोपचारतज्ज्ञांचे माणशी सरासरी ७.५ विनोद, शिकाऊ डॉक्टरांचे ५.५ आणि त्यांच्याखालच्या इतर कर्मचाऱ्यांचे जेमतेम ०.७. वरिष्ठ बोलायचे ते बहुतेक कनिष्ठांवर. कनिष्ठ बोलायचे ते रुग्णांवर, रुग्णांच्या नातेवाइकांवर, नाहीतर स्वतःवर. समोर बसलेल्या वरिष्ठावर कनिष्ठाने विनोद केला असं एकदाही झालं नाही. पाणी उताराला जातं, तसं हसू वरून खाली गेलं. आणि नोंदलेल्या १०३ विनोदांपैकी ९९ पुरुषांचे होते. बायकांचे चार. बायका काय करत होत्या? हसत होत्या, बऱ्याचदा पुरुषांपेक्षा जास्त. या बायका घराबाहेर आणि इतर मैत्रिणींत मुक्या नव्हत्या. त्या खोलीत मात्र त्यांचं काम हसण्याचं होतं.

कोझरबाई वरिष्ठांना दुष्ट ठरवत नाहीत, हे मला आवडलं. त्यांच्या मते अशा विनोदात शिकवणं असतं. चूक दाखवायची, पण रागावायचं नाही. कनिष्ठालाही दिलासा मिळतो की चूक झाली तरी आपण यांच्यातलेच आहोत. मीही स्वतःला हेच सांगत होते. मी तिला भाकरी शिकवतच होते ना? पण तव्याजवळ दोघीच असताना "पीठ अजून मळ, कडा फाटतात" एवढं म्हटलं असतं तर शिकवणं झालं असतं. पंचवीस माणसांसमोर उलथनं उंच धरल्यावर ते शिकवणं राहत नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९५९ साली, कोझरबाईंचा दुसरा एक निबंध आला होता, तो इस्पितळातल्या रुग्णांवर. एकेकटी घाबरलेली माणसं, पण वॉर्डात एकत्र आली की डॉक्टरांवर, कडक नियमांवर, स्वतःच्या दुखण्यावर कुरकुरत विनोद करतात. एकाची तक्रार सगळ्यांची होते आणि हलकी होते. हे वाचलं आणि मला आमच्या उन्हाळ्यातले पापड आठवले. पावसाळा आणि चातुर्मास लागायच्या आत वर्षाचे पापड लाटून वाळवून ठेवायचे. गल्लीतल्या दहा-बारा जणी पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. आमच्या आजेसासूबाई झोपल्या की जे सुरू व्हायचं! कुणी त्यांच्या चालण्याची नक्कल करायची, कुणी नवऱ्याच्या घोरण्याची. उडदाचं पीठ कुटून कुटून दुखणारे खांदे हसून हलायचे. आजेसासूबाई खोकल्या की सगळ्या चिडीचूप, नुसता लाटण्यांचा आवाज. म्हणजे खालून वर जाणारं हसूही घरात होतंच. फक्त वरचा माणूस झोपल्यावर.

आणि आता माझा पहिला प्रश्न: "ती हसली होती ना?" याचं उत्तर पुढच्या अभ्यासांत मिळालं. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी बाजारात, रस्त्यावर, उपाहारगृहांत लोकांच्या गप्पा ऐकून १,२०० हशांची नोंद केली. १९९३ साली ती प्रसिद्ध झाली. त्यातले बहुतेक हशे विनोदावर नव्हतेच. "बरं, निघते मी", "तू कुठे इकडे?" असल्या साध्या वाक्यांवर लोक हसत होते. हसणं म्हणजे "मी तुमच्यात आहे", "माझ्यापासून भीती नाही" असं सांगणं. आणि बाई बोलत असेल आणि ऐकणारा पुरुष असेल, तर हसणं बहुतांशी बाईच्याच वाट्याला.

त्याहून थरकाप उडवणारी घटना १९६२ सालची. आफ्रिकेतला टांगानिका देश, म्हणजे आजच्या टांझानियाचा मोठा भाग, नुकताच स्वतंत्र झाला होता. तिथे काशाशा गावच्या मुलींच्या वसतिगृहशाळेत ३० जानेवारीला तीन मुली हसू लागल्या. हसणं थांबेना, मध्येच रडू यायचं. हळूहळू १५९ पैकी ९५ मुलींना ते लागलं आणि मार्चमध्ये शाळा बंद करावी लागली. मुली घरी गेल्या तशी गावागावांतही लागण झाली. तपासणीत कोणताही रोगजंतू सापडला नाही. पुढच्या अनेक अभ्यासकांनी याला मनावरच्या ताणाचा सामूहिक उद्रेक म्हटलं. एवढ्या मुली हसत होत्या आणि आनंदी एकही नव्हती.

तर मैत्रिणींनो, हसणारी प्रत्येक सून खूश असतेच असं नाही. कधी ती फक्त आपल्या पायरीला साजेसं वागत असते. हे मी पुस्तकातून शिकले असं म्हणते खरी, पण खरं तर प्रत्येक बाईला हे आतून माहीत असतं. आपणच नव्या नवरीच्या दिवसांत किती वेळा असं हसलो! सासू झाल्यावर मात्र ते विसरायला होतं.

यात आणखी एक धागा होता, तो इरावती कर्वेंमुळे सुटला. त्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं इंग्रजी पुस्तक १९५३ साली निघालं. उत्तरेत मुलगी परक्या गावी, परक्या माणसांत दिली जाते. दक्षिणेत मामाच्या, आत्याच्या घरात लग्नं होतात, त्यामुळे मुलगी ओळखीच्याच माणसांत जाते आणि सासर-माहेर तितकं तुटत नाही, असं त्यांनी मांडलं. महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये. आमच्या भागात आपल्या समाजात आत्याच्या घरी मुलगी देणं सर्रास चालायचं, आणि माझं लग्नही तसंच झालेलं. माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. ती मला भर पंगतीत "म्हैस" म्हणायची आणि मी "भाची कुणाची!" असं म्हणून मोकळी व्हायचे. तिच्या मांडीवर मी वाढले होते. तो हक्क मी लग्नाआधीच कमावलेला होता.

मी सुनेची केलेली थट्टा आत्याच्या घरातली होती. सून मात्र परक्या घरातून आलेली. थट्टा तिच्या वाट्याला आली, पण उलट बोलायचा हक्क काही मी दिला नव्हता. माझं चुकलं ते नेमकं इथे.

दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. दरवर्षी आपण हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. यंदा मी सूनबाईसमोर थांबले आणि म्हणाले, "साखरपुड्यात मी तुझी भाकरी सगळ्यांना दाखवली, त्याची क्षमा माग म्हणतंय मन." ती गडबडली. "आई, तुम्ही अजून ते लक्षात ठेवलंय?" म्हणाली. आणि हसली. पुन्हा हसलीच! यावेळी मी त्या हसण्यावर विसंबले नाही. काही बोलले नाही, नुसती उभी राहिले. मग ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी माझे बाबाही ओसरीवर बसले होते."

हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ओसरीवर हसणाऱ्या पुरुषांत व्याही होते. लेकीच्या भाकरीवर तेही हसले असतील. व्याह्यांच्या घरी दुसरं काय करणार?

मी यावर सुविचार लिहिणार नाही. घरात हसू नये असं तर मुळीच म्हणणार नाही. हसण्याचा सर्वस्वी त्याग मुनींना शोभतो, आपण श्राविका. पण एक गोष्ट मी आता पाहते. जिच्यावर मी बोलणार आहे, ती मला याच पंगतीत, याच माणसांसमोर परत बोलू शकेल का? उत्तर नाही असेल तर ते वाक्य मी गिळते. कधी गिळलं जातं, कधी सुटतं.

मागच्या आठवड्यात याच लेखाची टिपणं काढत स्वयंपाकघरात बसले होते. गॅसवर दूध होतं. कोझरबाईंच्या आकड्यांत मी अशी रमले की दूध उतू जाऊन शेगडीभर झालं. सूनबाई धावत आली, गॅस बंद केला आणि नणंदेसमोर, जाऊबाईंसमोर म्हणाली, "आई, तुमच्या लेखात एवढे परदेशी पंडित येतात, पण दूध उतू जाताना एकही उठत नाही!"

जाऊबाईंनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी हसेपर्यंत कुणीही हसलं नाही, हे मी टिपलं. मग मी हसले आणि सगळ्या हसल्या. खोटं कशाला सांगू, हसता हसता मला बारीक टोचलं. लिटरभर दूध गेलं त्याचं नव्हे, बोलण्याचं. पण तेवढं टोचून घ्यायला हवंच होतं.

संध्याकाळी तिने परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. भाकरी गोल नव्हती. मी गुपचूप खाल्ली.